मंगहायचा ७५७२ आणि ७५४२: जुन्या चहात आपण पैसे कशाचे मोजतो?

निकाल आधी सांगते, म्हणजे ज्यांना फक्त खरेदी करायची आहे त्यांना खाली शोधत बसायला नको. पुअर म्हणजे चीनच्या युन्नान प्रांतातला, सूक्ष्मजीवांनी पिकणारा आणि दाबून चकत्या केलेला चहा. तो पहिल्यांदाच घेणार असाल तर तिथल्या मंगहाय चहा कारखान्याची, म्हणजे ‘दायी’ या नावाने विकली जाणारी, ७५७२ क्रमांकाची पिकवलेली चकती घ्या. तीन-चार वर्षं तरी जुनी बघून घ्या. ७५४२ ही त्याच कारखान्याची कच्ची चकती. कडसर, अंगावर येणारा कोरा चहा मनापासून आवडत असेल, किंवा दहा-पंधरा वर्षं थांबायची तयारी आणि चहा ठेवायला बरी जागा असेल, तरच ती घ्या. आणि जुनी म्हणून कुणी चकती पुढे केली तर चव घेतल्याशिवाय पैसे काढू नका, वेष्टनावर कोणतंही साल असो.

मी मूळची नाशिकची. महाविद्यालयात काही वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, मग नवऱ्याच्या नोकरीमुळे हाँगकाँगला आलो आणि इथलेच झालो. इथे सकाळी डिमसम, म्हणजे वाफवलेले छोटे छोटे पदार्थ, खायला गेलं की खाण्याआधी विचारतात, चहा कोणता? म्हातारी माणसं बहुतेक ‘पोलेई’ सांगतात. युन्नान प्रांतातल्या पुअर चहाचं हे इथलं नाव. काळा, दाट, मातीच्या वासाचा हा चहा तेलकट खाण्यावर उत्तम लागतो. पुढे कळलं, की हा बुरशीने आणि जिवाणूंनी पिकवलेला असतो. माझ्या विषयातली गोष्ट रोज पेल्यातून समोर येत होती. तेव्हापासून मी हा चहा घेते, साठवते, वास घेऊन बघते, आणि नव्याने प्यायला लागलेली माणसं विचारतात म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आपण घरी उकळतो त्या चहाच्या कारखान्यात पानं चुरगाळली की पानातलेच एन्झाइम हवेशी मिळून त्यांना तांबडं करतात. तासा-दोन तासांचं काम. मग भट्टीची उष्णता देऊन ते थांबवतात, आणि त्यानंतर तो चहा जितका ताजा तितका चांगला. पुअरचं तसं नाही. युन्नानच्या दक्षिणेला, शीश्वांगबान्ना, पुअर, लिनत्सांग या भागांत, आसामात असतं त्याच जातीचं मोठ्या पानाचं चहाचं झाड आहे. त्याची पानं कढईत बेताची परततात, हाताने किंवा यंत्रावर वळतात आणि उन्हात वाळवतात. भट्टीत कडक वाळवत नाहीत, त्यामुळे पानातली सगळी हालचाल मरत नाही आणि सूक्ष्मजीवही टिकून राहतात. चीनच्या २००८ सालच्या राष्ट्रीय मानकानुसार युन्नानच्या ठरावीक भागातल्या मोठ्या पानाच्या, उन्हात वाळवलेल्या चहालाच ‘पुअर’ म्हणता येतं. उन्हात वाळवण्याची अट तिथे उगाच घातलेली नाही. पुढची वीस-तीस वर्षं चहात जे काही घडायचं असतं, त्याची सोय तिथेच होते.

या वाळलेल्या पानाला वाफ देऊन ते दाबलं की कच्ची चकती तयार होते. नेहमीचं वजन ३५७ ग्रॅम. सात चकत्यांची बांबूच्या सालीत बांधलेली चळत, म्हणजे अडीच किलो. आधी पान पिकवून मग दाबलं, तर पिकवलेली चकती. दोन्हींचं पान एकाच मुलखातलं असलं तरी पेल्यात ते दोन वेगळे चहा आहेत.

क्रमांक वाचता आला की दुकानात गोंधळ होत नाही. पहिले दोन आकडे मिश्रणाचं सूत्र ठरलं ते साल, म्हणजे ७५ म्हणजे १९७५. तिसरा आकडा पानाची प्रत. आकडा लहान तितकं पान कोवळं. शेवटचा कारखान्याचा: १ कुनमिंग, २ मंगहाय, ३ श्यागुआन, ४ पुअर. म्हणून ७५४२ मध्ये पान चौथ्या प्रतीचं आणि ७५७२ मध्ये सातव्या प्रतीचं. ७५ बघून चकती १९७५ ची समजू नका. कोणत्या साली दाबली ते वेष्टनावर वेगळं असतं. दायीच्या चकतीवर १८०१ असं छापलेलं असेल तर तो २०१८ सालचा पहिला लॉट. मी या परीक्षणासाठी दोन्ही चकत्या मुद्दाम २०१८ च्याच घेतल्या. कारखाना एक, साल एक, आणि दोन्ही इथेच हाँगकाँगमध्ये ठेवलेल्या. फरक पडला तो पिकवण्याने आणि पानाच्या प्रतीने, आणि त्यातला मोठा वाटा पिकवण्याचा.

आधी ७५७२.

चकतीची वरची बाजू बारीक, सोनेरी कळ्या मिसळलेली. आत मोठं, राकट पान. चांगली घट्ट दाबलेली आहे, पण कडेने टोच्या घातला की पापुद्रे सुटतात. कोरड्या चकतीला आता फारसा वास नाही, आणि ही चांगली खूण आहे. नव्या पिकवलेल्या चकतीला तळ्याच्या गाळासारखा, किंचित मासळीकडे झुकणारा वास असतो. पिकवण्याच्या ढिगाचा तो वास. हवेशीर ठेवला तर दोन-तीन वर्षांत बराचसा उडून जातो. ताजी चकती पिऊन ‘पुअर म्हणजे घाण वास’ असं मत करून बसलेली बरीच माणसं मला भेटली आहेत. म्हणून वर तीन-चार वर्षांची अट घातली.

झाकणाच्या वाटीत सात ग्रॅम पान, वर शंभर-सव्वाशे मिलिलिटर खळखळ उकळतं पाणी. त्याच पानावर पुन्हा पुन्हा पाणी घालून गाळायचं असतं. पहिलं पाणी ओतून टाकायचं. दुसरं दहा सेकंदांत गाळलं तरी रंग गडद तपकिरी, उजेडात धरला तर कडेला माणकासारखा तांबडा. तोंडात घेतल्यावर सगळ्यात आधी जाणवतो तो दाटपणा. कडूपणा फार थोडा, तुरटपणा जवळजवळ नाही. ओलं लाकूड, खारीक, शेवटी कोकोची किंचित कड. चौथ्या-पाचव्या पाण्याला गोडी वाढते आणि लाकूड मागे पडतं. आठव्या पाण्यापर्यंत दम टिकतो, नंतर मी उरलेलं पान किटलीत घालून मंद आचेवर ठेवते, त्यातून आणखी एक मोठा पेला निघतो. विलक्षण असं या चहात काही सापडणार नाही. त्याचं मोल त्याच्या भरवशात आहे: आज घ्या, पुढल्या वर्षीचा लॉट घ्या, चव ओळखीची लागेल. पिकवलेल्या पुअरची पट्टी म्हणून जाणकार ७५७२ च पुढे ठेवतात, ते याचसाठी. मला ती चकती दोनशे हाँगकाँग डॉलरच्या आत मिळाली. दिवसाला सात ग्रॅम धरले तर पन्नास दिवसांचा चहा झाला.

हा दाटपणा आणि ही गोडी येते कुठून, हे मला चवीइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण किमतीचा सगळा गुंता त्यातून सुटतो.

१९७३ च्या आधी पिकवलेला पुअर आज आहे त्या रूपात नव्हता. हाँगकाँगच्या उपाहारगृहांना जुना, मऊ झालेला पोलेई हवा असायचा, आणि तो व्हायला वर्षानुवर्षं लागायची. पाणी मारून चहा लवकर जुना करायचे प्रयोग इथे आणि ग्वांगदोंगमध्ये चाललेले होते. युन्नानची माणसं ते बघून गेली आणि १९७३ पासून कुनमिंगच्या कारखान्यात, पाठोपाठ मंगहायमध्ये, ढीग लावून पिकवण्याची पद्धत बसवली. तिला ‘वो दुई’ म्हणतात. वाळलेलं पान टनांनी जमिनीवर पसरायचं, कमरेपर्यंत ढीग करायचा, भरपूर पाणी शिंपडायचं आणि वरून झाकायचं. आपल्याकडे आंब्याची अढी घालतात तसाच जीव लावून सांभाळायचा प्रकार आहे: आत ऊब धरली पाहिजे, पण कोंदट होऊन सडता कामा नये, आणि मधूनमधून हात घालून बघितलं पाहिजे. ढिगाचं पोट पन्नास-साठ अंशांपर्यंत तापतं. त्याहून वर गेलं तर आतलं पान करपतं, म्हणून काही-काही दिवसांनी सगळा ढीग उलथून पुन्हा लावतात. दीड-दोन महिन्यांत पान गडद तपकिरी होतं.

या ढिगात राबते ती मुख्यतः काळी बुरशी, अ‍ॅस्परजिलस नायजर आणि तिची भावंडं. आमच्या नाशिककडच्या माणसाला ती नवी नाही. साठवणीतल्या कांद्याची वरची साल काढली की खाली काजळीसारखी काळी भुकटी दिसते, ती सहसा याच कुळातली. सायट्रिक आम्लाचे कारखानेही याच बुरशीवर चालतात. शिवाय ढिगात यीस्ट असतात, त्यात ब्लास्टोबोट्रिस नावाचं उष्णता सोसणारं एक असतं, आणि जिवाणू असतात. पान पोखरायला ही बुरशी एन्झाइम सोडते. पेशींच्या भिंती आणि पेक्टिन तुटून विरघळणारी शर्करा सुटते. तोंडात दाटपणा आणि गोडी जाणवते ती त्यामुळे. तुरटपणा देणारी कॅटेचिनं ऑक्सिडीकरणाने एकमेकांना जोडली जाऊन थिआब्राउनिन नावाची मोठी तपकिरी द्रव्यं बनतात, रंग त्यांचा. काही कॅटेचिनं फुटून गॅलिक आम्ल निघतं, आणि सूक्ष्मजीव त्यावर मिथाइल गट चढवतात. त्यातून ट्रायमिथॉक्सीबेंझिनसारखी द्रव्यं तयार होतात. जुन्या लाकडी पेटीचा जो वास पुअरमध्ये माणसं शोधतात आणि ज्याच्यासाठी पैसे टाकतात, त्यात या द्रव्यांचा मोठा हात आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटीतल्या पानाकडे किती वेळ बघत बसले होते. कॅफीन मात्र फारसं कमी होत नाही. मऊ लागतो म्हणून रात्री उशिरा तीन वाट्या प्यायलात तर जागरण ठरलेलं.

आता ७५४२, कच्ची.

कारखान्याचं हे सगळ्यात नावाजलेलं मिश्रण. कच्च्या पुअरची तुलना करताना जगभरचे लोक याचीच पट्टी लावतात. वाटीत पहिल्या पाण्याला रंग मधासारखा. वास खूप सुंदर आहे: सुकं गवत, जर्दाळू, कुठेतरी अगदी हलका धूर. तोंडात घेताच कडूपणा जिभेच्या मागच्या बाजूला धरतो, मग गालांच्या आत तुरटपणा ओढल्यासारखा होतो, आणि गिळल्यावर थोड्याच वेळात घशातून गोडी वर येते. आवळा खाऊन पाणी प्यायलेल्या माणसाला ही गोडी समजावून सांगावी लागणार नाही. मला हा चहा मनापासून आवडतो, पण दुपारी जेवणानंतरच, आणि पाणी लगेच गाळून. वीस सेकंद ठेवला तर झेपत नाही. घरच्यांनी एकेक वाटी घेतली आणि आपापल्या दुधाच्या चहाकडे वळले.

या चकतीत सूक्ष्मजीवांचं काम सुरू झालेलं आहे, पण अजून खूप उरलं आहे. ढिगात जे दोन महिन्यांत होतं तेच इथे थोड्याशा ओलीवर, हवेतल्या उबेवर, सावकाश चालतं. वाट मात्र हुबेहूब तीच नाही. ढिगात बुरशीचा जोर असतो आणि सगळं एकदम घडतं. चकतीत हवेने होणारं ऑक्सिडीकरण, पानातली उरलेली एन्झाइम आणि थोडे थोडे सूक्ष्मजीव मिळून काम करतात. त्यामुळे सुवासाचे जे पदर पिकवलेल्या चहात सपाट होतात ते कच्च्यात टिकून रूप बदलतात. जुन्या कच्च्या पुअरची जी किंमत आहे ती या पदरांची आहे.

ते बघायला मी शंगवान भागातल्या एका जुन्या दुकानातून १९९० च्या दशकाच्या अखेरचा, पहिल्यापासून हाँगकाँगमध्येच राहिलेला ७५४२ दहा ग्रॅम मोजून आणला. तेवढ्या पैशांत नव्या ७५७२ च्या दोन-तीन अख्ख्या चकत्या आल्या असत्या. मालक सत्तरीपुढचे. त्यांनी आधी तराजू बाजूला ठेवला, मला बसवलं आणि वाटी पुढे करून म्हणाले, “आधी प्या. पटलं तर न्या.” असं म्हणणाऱ्या दुकानावर माझा विश्वास बसतो.

तो चहा कसा होता? रंग जुन्या तांब्याचा. कडूपणा आहे, पण त्याची धार गेलेली. तुरटपणा गिळताना क्षणभर येतो आणि विरतो. वास कापराचा, पावसात भिजलेल्या लाकडाचा, आणि खाली कुठेतरी ते सुकं जर्दाळू अजून शिल्लक. ७५७२ प्यायल्यावर वाटतं, छान, पोटाला बरं वाटलं. या चहाच्या तिसऱ्या वाटीनंतर मी बोलायची थांबले. पाण्यामागून पाणी चव बदलत गेली: सहाव्याला कापूर, नवव्याला नुसता गोडवा, बाराव्यालाही घशात गारवा. पिकवलेल्या चहात ही वळणं मला आजवर मिळालेली नाहीत. दोन महिन्यांचं काम वीस वर्षांच्या कामाची जागा घेत नाही, हे मी इथे मान्य करते.

पण वीस वर्षं म्हणजे नेमकी कुठली वीस वर्षं, हा प्रश्न उरतोच. किमतीचा घोळ तिथे आहे.

माझ्याच ७५४२ ची त्याच लॉटमधली दुसरी चकती मी दादाकडे नाशिकला ठेवली आहे, लाकडी कपाटात, कागदात गुंडाळून. नाशिकला पावसाळ्याचे चार महिने सोडले तर हवा कोरडी, उन्हाळ्यात तर ओठ फुटतात. गेल्या खेपेला तिथलं थोडं पान घेऊन आले आणि दोन्ही वाट्या शेजारी मांडल्या. नाशिकची अजून पिवळी, वास छान, कडूपणा जवळजवळ नव्यासारखा. हाँगकाँगची नारिंगी, मऊ, जरा दाट. साल एकच आहे, पण इथे मार्च-एप्रिलात भिंतींना पाणी सुटतं, त्या ओलीने सूक्ष्मजीवांना काम दिलं. हेच मोठ्या प्रमाणावर कुनमिंग आणि ग्वांगझोउच्या गोदामांत दिसतं. कुनमिंग एकोणीसशे मीटर उंचीवर, थंड आणि कोरडं. तिथला चहा सुवासिक राहतो पण हळू पिकतो. ग्वांगझोउ, हाँगकाँग आणि मलेशियात झपाट्याने पिकतो. आपल्या कोकणात ठेवला तर पावसाळ्यात डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावं लागेल.

हाँगकाँगचे जुने व्यापारी तर मुद्दाम ओल देत. डोंगराच्या पायथ्याशी, तळमजल्यावर किंवा तळघरात चकत्या रचून ठेवायच्या, बुरशीला वाव द्यायचा, आणि पुरेसं झालं की वरच्या कोरड्या, हवेशीर गोदामात नेऊन वास मोकळा होऊ द्यायचा. ही जबाबदारीची कला होती. कुठल्या महिन्यात दार उघडायचं, कुठली चळत वरून खाली आणायची, हे हाताला ठाऊक असायला लागतं. तसा ठेवलेला चांगला चहा मऊ, गोड आणि स्वच्छ लागतो. पुढे १९९० च्या दशकात तैवानच्या संग्राहकांनी जुना चहा शोधायला सुरुवात केली आणि कोरड्या गोदामातल्या चहाला जास्त मान मिळू लागला. इथले चहाव्यापारी छेन ग्वोयी यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या सुरुवातीपर्यंतचा ७५४२ कोरडा ठेवला होता. तो आज ‘८८ छिंग’ या नावाने ओळखला जातो आणि चकतीची किंमत रुपयांत मोजली तर लाखांत जाते. या चहाची कीर्ती सालाइतकीच त्या साठवणीची आहे, हे त्याच्या चाहत्यांनाही मान्य असतं.

मग २००६-०७ मध्ये सट्टा आला. काल दाबलेल्या चकत्यांचेही भाव महिन्यागणिक चढले. युन्नानमधल्या स्माओ शहराने २००७ मध्ये स्वतःचं नाव बदलून पुअर केलं. त्याच वर्षाच्या मध्यात बाजार कोसळला आणि गोदामं भरून ठेवलेले लोक बुडाले. चहा तोच होता. भावाच्या चढउताराशी चकतीतल्या पानाचा काही संबंध नव्हता. आजही ग्वांगझोउच्या फांगत्सुन बाजारात दायीच्या चकत्या न उघडलेल्या खोक्यांनी खरेदी-विक्री होतात. त्या खोक्यांतला चहा कसा लागतो हे विकणाऱ्याने पाहिलेलं नसतं, घेणाऱ्यानेही नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. ज्या पानासाठी शीश्वांगबान्नाच्या डोंगरांत माणसं झाडावर चढून खुडणी करतात, ते पिऊन बघायचंच नाही?

वयाचे पैसे मोजावेत, पण पिकण्याचे म्हणून. चकती वीस वर्षांची आहे एवढ्याला माझ्या लेखी किंमत नाही. वीस वर्षांत तिच्यात चांगल्या सूक्ष्मजीवांनी चांगलं काम केलं का, हे बघावं. एक मैत्रीण ऑनलाइन मागवलेली, तीस वर्षांची म्हणून आलेली चकती दाखवायला घेऊन आली होती. वेष्टन पिवळं, छपाई जुन्या वळणाची, लाल ‘चुंग’ या चिनी अक्षरांच्या वर्तुळात हिरवं ‘छा’, म्हणजे चहा. हे वेष्टन एके काळी सरकारी निर्यात कंपनीचं, आणि कित्येक कारखान्यांचा माल त्यात बांधला गेलेला, त्यामुळे त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. चकती उघडली तर पापुद्र्यांच्या आत पिवळट-हिरवी लव. वाटीत पाणी ओतल्यावर बंद घराचा कुबट वास, आणि घोट घेतल्यावर घसा आवळला. मी ती फेकून द्यायला सांगितलं. चहा उकळत्या पाण्यात बनतो म्हणून बुरशी मरेल, हे खरं. पण बुरशीने विष सोडलं असेल तर ते उकळून जात नाही. नीट पिकवलेल्या चहाची मला भीती वाटत नाही, मी रोज पिते. लव दिसली किंवा घसा धरला, तर मात्र किंमत विसरून फेकावा.

दुकानात मी काय बघते, तेही सांगते. कोरड्या चकतीला नाक लावते: लाकूड, कापूर, सुकं फळ चालेल, कोंदट, खवट, धुण्याच्या ओल्या कपड्यांचा वास नको. मग पहिलं नाही, तिसरं पाणी पिते, कारण पहिल्या दोन पाण्यांत गोदामाचा वास असतो, पानाचा स्वभाव नंतर उघडतो. पिऊन झाल्यावर वाटीतलं भिजलेलं पान बोटांत घेते. नीट पिकलेलं कच्चं पान उलगडतं, लवचीक असतं, शिरा दिसतात. चिवट, कोळशासारखं काळं, न उलगडणारं पान म्हणजे जास्तच ओलीत भाजून निघालेलं. मालकांना साल विचारण्याआधी विचारते, कुठे ठेवला होता? बरं दुकान असेल तर सालापेक्षा या प्रश्नावर जास्त वेळ बोलतं.

पुअर झेपत नसेल पण आंबवलेल्या चहाची गोडी बघायची असेल, तर ग्वांगशी प्रांताच्या वूझोउ भागातला ‘ल्योउपाओ’ मिळतो का बघा. मलायातल्या कथिलाच्या खाणींतल्या चिनी मजुरांसाठी तो बांबूच्या टोपल्यांत भरून जायचा. चांगल्या ल्योउपाओला सुपारीचा वास येतो, चिनी जाणकारही तसंच सांगतात, आणि आपल्या माणसाला तो पहिल्या घोटाला ओळखता येतो. माझ्या सासूबाईंना पुअर अजिबात आवडला नाही, हा मात्र त्या इथे होत्या तोवर रोज मागून घ्यायच्या.

भारतात मागवलात तर ठेवायचं असं: चकती तिच्याच कागदात, पुठ्ठ्याच्या खोक्यात, स्वयंपाकघरापासून आणि देवघरापासून लांब. मसाला, उदबत्ती, डांबरगोळ्या, सगळ्यांचे वास चहा ओढून घेतो. सीलबंद प्लास्टिकमध्ये कच्ची चकती कोंडू नका, हवा हवी. हवेतली आर्द्रता साठ ते सत्तर टक्के बरी. पंच्याहत्तरच्या वर सलग आठवडे राहिली तर चकती काढून वास घ्या. पुण्या-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात काही बिघडत नाही, फक्त पिकायला वेळ लागेल. पिकवलेल्या ७५७२ ला इतकी काळजी लागत नाही. तो कुठेही बरा राहतो, दोन-तीन वर्षांत आणखी स्वच्छ होतो, पण ७५४२ सारखा बदलत जाईल ही आशा ठेवू नका. त्यातलं बरंचसं काम ढिगातच झालेलं असतं.

दूध घालायचंच असेल तर ७५७२ मध्ये घाला, उकळून, साखर कमी. दाट चहा असल्याने दूध तो सहज पेलतो. ७५४२ मध्ये दूध नको, फाटल्यासारखी चव लागते. आणि आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी नवा ७५४२ रिकाम्या पोटी घेऊ नये, जेवणानंतर एक-दोन वाट्या पुरेत.